खोपटावरचं नामेले

झेंड्यातला लाल रंग कशाचा?

पुस्तकात लिहिलंय, रक्ताचा. माणसांच्या आणि डुकरांच्याही.

मुलं विचारतात, "म्हणजे मंत्र्याच्या रक्ताचा का, बाई?"

जेमिमाबाई फळा पुसायला लागतात. फळ्यावर पुसण्यासारखं काहीच नसतं.

*

मंत्री म्हणजे जेमिमाच्या घरचं डुक्कर. नाव तिच्या आईनं ठेवलेलं. "सगळ्यांचं खातो आणि सगळ्यांकडे पाठ करून बसतो, मग दुसरं काय म्हणू त्याला?" असं रोझलिन म्हणायची. तो लहान असतानाच त्याचे वरचे सुळे काढले होते, म्हणजे खालच्यांना रान मोकळं. ते गालाबाहेर आले, वळले, आणि वर्षामागून वर्ष वळत आता परत जबड्याला टेकायच्या बेतात होते. असा पुऱ्या गोलाचा सुळा पेंटेकॉस्ट बेटाच्या या उत्तरेकडच्या टोकालाही हल्ली क्वचित बघायला मिळतो. झेंड्यावर तेवढा रोज असतो. काळ्या त्रिकोणात पिवळा सुळा, आणि त्याच्या पोटात एकमेकांवर आडवी ठेवलेली नामेलेची, म्हणजे इथल्या एका ताडासारख्या झाडाची, दोन पानं.

सुळे असे वाढले की डुकराला माती उकरता येत नाही. त्याला भरवावं लागतं. रोझलिन अळूचे कंद उकडून कुस्करायची, वर नारळाचं दूध ओतायची आणि घास करून त्याच्या तोंडात द्यायची. बाहेर बाकड्यावर बसलेला गराए, तिचा नवरा, म्हणायचा, मला नाही कधी असं भरवलंस. ती म्हणायची, तुझे सुळे येऊ देत आधी.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा गावचे प्रमुख तेवी भेटायला आले. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी चाचरत सांगितलं की यंदा स्वातंत्र्यदिनाला प्रांताचे साहेब आपल्या गावात येणार आहेत, झेंडा आपल्या शाळेत चढणार आहे, आणि पाहुण्याला देण्याजोगं डुक्कर गावात एकच आहे. रोझलिन लगेच म्हणाली, घेऊन जा की. झेंड्यासाठीच वाढवला म्हणा.

गराएला कुणी विचारलं नाही. त्यानं मान हलवली. मरणाऱ्या माणसाच्या शब्दापुढे दुसरं काय हलवायचं?

*

हिरवा रंग बेटांच्या सुपीकतेचा. काळा मातीचा, आणि आपला. पिवळी रेघ नकाशावर बेटं जशी पसरलीत तशी.

हे मुलांना पाठ असतं. घडाघडा म्हणतात.

*

रोझलिन गेल्यापासून गराए आणि त्याचा मेहुणा सेल्विन यांच्यात बोलणं नव्हतं.

भांडण मातीवरून झालं. सेल्विनचं म्हणणं होतं, बहिणीला समुद्राकडच्या जागेत न्यायचं, तिथं तिच्या आईचं सगळं कूळ झोपलंय. गराएनं ऐकलं नाही. घराच्या मागं नीरफणसाखाली, डुकराच्या खोपटाला लागून त्यानं तिला ठेवलं. पुरून होईपर्यंत सेल्विन उभा राहिला आणि मग कुणाशी एक शब्द न बोलता टेकडी चढून गेला. त्यानंतर रविवारी चर्चमध्येही दोघे दोन टोकांच्या बाकांवर बसायला लागले. पाद्रीबाबा हात मिळवायला सांगायचे तेव्हा गराए खिशात काहीतरी शोधत बसायचा.

जेमिमा दोघांच्या मध्ये सापडली. बाप एकीकडे. आणि मामा म्हणजे तिच्याकडे, पेंटेकॉस्टच्या रीतीनं, बापाहूनही वरचा माणूस, कारण माणूस आईच्या कुळाचा असतो. ती मामाकडे जायची, मामी खायला घालायची, मामा शाळेची चौकशी करायचा. घरी आली की बाप विचारायचा, तिकडं सगळे बरे? ती म्हणायची, बरे. दोन्हीकडे 'तिकडं'. नाव कुणी घ्यायचं नाही.

स्वातंत्र्यदिन जवळ आला तसा गराए खोपटापाशी जास्त वेळ बसायला लागला. रोझलिनसारखे घास करायला त्याला जमत नसे. मंत्री अर्धं सांडायचा. एकदा गराएनं मुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं की झेंडा नुसताही चढत असेल ना, म्हणजे दोरी ओढली की.

ती म्हणाली, चढतो, बाबा.

"तेच म्हटलं," तो म्हणाला, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

*

आता चूक.

शाळेच्या भिंतीवर झेंड्यातल्यासारखी नामेलेची दोन खरी पानं आडवी लावायची, असं जेमिमाच्या मनात आलं. तिनं रीतीप्रमाणे तेवींना विचारलं. तेवी म्हणाले, भिंतीवर लाव, जमिनीत नको. हे त्यांनी सांगायचीही गरज नव्हती. नामेलेचं पान जमिनीत उभं केलं की ते पान राहत नाही, बंदी होते. त्याच्या पलीकडच्या वस्तूला हात लावायचा नाही, पाऊल टाकायचं नाही. लावायचा मान डुकरं देऊन गावच्या पदव्या मिळवलेल्या पुरुषांचा, आणि ज्यानं लावलं त्यानंच ते उचलायचं. इथल्या चालायला लागलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

दुपारी पानं तोडून ती घरावरून चालली होती. मंत्री ओरडत होता. बाप बागेत गेलेला, तो अंधार पडल्यावरच यायचा. तिनं पातेलं उचललं, ते दोन्ही हातांनी धरावं लागतं, आणि पानं चिखलात टाकायला जीव होईना. म्हणून खोपटाच्या दाराशी, खांबाला टेकवून, देठ मऊ मातीत दाबून तिनं ती उभी केली. क्षणभरासाठी. मंत्र्याला भरवलं. तेवढ्यात शाळेकडून आरडाओरडा ऐकू आला, झेंड्याच्या काठीवर चढलेल्या पोराची चड्डी खिळ्याला अडकली होती. ती तशीच धावली. त्या पोराला उतरवेपर्यंत, त्याला रागवेपर्यंत आणि हसू दाबेपर्यंत संध्याकाळ झाली. भिंतीला दुसऱ्या बाईंनी जास्वंद लावून टाकली होती. पानं कुठंयत हे कुणी विचारलं नाही, तिलाही आठवलं नाही.

*

गाव काय म्हणालं:

नामेले लागलंय गराएच्या खोपटाला.

कुणी लावलं?

गराएनंच. दुसरा कोण?

शब्द दिलाय त्यानं, तो कसा लावेल? सेल्विननं लावलं. बहिणीचं डुक्कर ते.

साहेब येणार उद्या.

मग साहेबांना सांगा, मंत्री बैठकीत आहेत.

*

सकाळी जेमिमा शाळेतून पळत घरी आली तेव्हा खोपटापुढं आठ-दहा माणसं उभी होती, सगळी पानापासून चार पावलं मागं. तेवीही होते. मंत्री आतून सगळ्यांकडे पाठ करून बसला होता.

पानं तिनं लगेच ओळखली. तोंड उघडलंच होतं, एवढ्यात बाप वळला.

गराएचा चेहरा पाहून ती थांबली. आई गेल्यापासून त्या चेहऱ्यावर असं काही तिनं पाहिलं नव्हतं. तो हसत होता असंही नाही, पण कुणीतरी आतून एक खिडकी उघडावी तसं झालं होतं. त्यानं तिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, जणू कुणी झोपलंय, म्हणाला,

"तुझ्या मामानं तोंड उघडलं बघ एकदाचं."



तो सांगत राहिला. म्हणजे त्यालाही नकोय मंत्र्याला कापलेलं. मला बोलता येत नव्हतं, तिचा शब्द होता. पण भावाला येतं. तो येऊन लावून गेला, कुणाला न सांगता, रात्री आला असेल, हाक मारली असती तर उठलो असतो मी. तुझा मामा तसाच आहे. आमच्या लग्नात नारळाचं पोतं दारात ठेवून पळून गेला होता.

तेवींनी घसा खाकरला. पान लागलंय म्हणजे लागलंय, ते म्हणाले, त्याला कुणी शिवणार नाही. पण ज्याचं आहे त्यानं आज सूर्य कलायच्या आत इथं येऊन सांगावं. बेवारशी नामेले त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि बघायची इच्छाही नव्हती. ज्यानं मान नसताना हात घातला असेल त्यानं काय भरायचं ते नाकामालात, गावच्या बैठकीच्या घरात, बसून ठरवू.

हे बोलताना ते कुणाकडेच बघत नव्हते. जेमिमाला वाटलं, मुद्दाम माझ्याकडेच बघत नाहीयेत.

*

पान कशाचं?

पुस्तकात लिहिलंय, शांततेचं. पानाला एकोणचाळीस पाती, पहिल्या संसदेत सभासद होते तितकी.

वर्गातली एक मुलगी गेल्या वर्षी म्हणाली होती, "पण बाई, शांततेचं आहे तर आमचे आजोबा त्याला वळसा घालून का जातात?"

तेव्हा बाईंनी सांगितलं होतं, मोठी झालीस की कळेल.

*

सेल्विनची बाग टेकडीच्या पाठीला. वाट चढताना जेमिमा मनातल्या मनात बोलत होती. खरं सांगितलं तर संध्याकाळी तेवी पान उचलायला लावतील, उद्या मंत्र्याला नेतील, आणि बापाला कळेल की मेहुणा आलाच नव्हता. नाही सांगितलं तर संध्याकाळी कुणीच पुढं येणार नाही, तेव्हाही बापाला तेच कळेल, वर नामेलेची अवहेलना. आणि मामाला विचारायचं तर...

मामा कावाच्या, पेय करायच्या मुळ्या उपटत होता. तिला बघून उभा राहिला. तिला बोलायला जागाच दिली नाही.

"आलीस? तिकडून पाठवलं का? सांग त्याला, मला ते डुक्कर नको होतं. माझ्या तोंडावर नामेले मारायची गरज नव्हती."

त्याच्या कानावर सकाळीच आलं होतं, आणि त्यानं आपल्या मनानं अर्थ लावला होता. गराएनं पान लावलं ते त्याच्याच विरुद्ध, बायकोच्या कुळानं सुळा मागू नये म्हणून. त्याला हे फार लागलं होतं. तो बोलत राहिला. बहीण नेली, तिची माती ठेवून घेतली, आता मी काय सुळ्यावर डोळा ठेवून बसलोय असं वाटलं त्याला? मी चोर? सांगता सांगता त्यानं एक चांगलं मूळ दगडावर आपटून तोडलं.

"मामा, पान मी लावलं."

त्याला कळायला वेळ लागला. तिनं सगळं सांगितलं. पातेलं, चिखल, पोराची चड्डी. सांगताना तिचं तिलाच ते इतकं क्षुल्लक वाटलं की रडू आलं.

सेल्विन आधी भडकला. नामेले म्हणजे काय शाळेची सजावट आहे? तुम्ही शिकलेल्या बायका उद्या चर्चची घंटा बकरीच्या गळ्यात बांधाल. प्रमुखाला सांगितलंस? नाही? मग मला का सांगतेस? तो बराच वेळ असं बोलला. ती खाली मान घालून ऐकत होती. मामाचं ऐकायचं असतं. शेवटी त्याचा दम संपला आणि तो दगडावर बसला.

"आणि त्याला काय वाटलं? कुणी लावलं म्हणून?"

"तुम्ही."

"मी?"

"बाबा म्हणाले, मामानं तोंड उघडलं एकदाचं."

सेल्विननं हातातल्या मुळाची माती पुसायला सुरुवात केली. ते स्वच्छ झालं तरी पुसत राहिला.

"रागानं म्हणाला?"

"नाही. मला हाताला धरून बाजूला नेऊन सांगितलं. नारळाच्या पोत्याचीही गोष्ट सांगितली. लग्नातली."

"ती अजून सांगतो?" सेल्विन म्हणाला. "पळालो नव्हतो मी. कुत्रा मागं लागला होता."

खाली समुद्रावर माल घेऊन येणारी बोट दिसत होती, इतकी हळू की उभीच वाटावी. जेमिमाला वाटलं, आपण निघावं. ती उठली तसा तो म्हणाला, "दंड तुला पडणारच. लाल चटई. मोठी. ती माझ्याकडे आणून द्यायची, तेवींकडे नाही. आणि घट्ट विण. तुझ्या विणीतून उंदीर जाईल."

"बरं, मामा."

"तुझ्या आईच्या विणीतून पाणी जात नसे."

कोयता उचलून तो तिच्या पुढं चालायला लागला. वाटेत आपल्या नामेलेच्या झाडापाशी थांबला आणि चार पानं निरखून त्यातलं एक तोडलं. तिच्याकडे त्यानं वाटेभर एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

*

सूर्य कलायला आला होता. खोपटापुढं सकाळपेक्षा जास्त माणसं. बायका चटया विणायच्या निमित्तानं नीरफणसापासून जरा लांब बसल्या होत्या आणि एकीचंही विणणं पुढं सरकत नव्हतं. गराए बाकड्यावर बसला होता, स्वच्छ सदरा घालून.

सेल्विन माणसांच्या मधून आला. आधी तो झाडाखालच्या दगडांपाशी गेला, तिथं बहिणीपुढं थोडा उभा राहिला. मग खोपटाशी येऊन त्यानं जेमिमाची पानं एका हातानं उपटली. कुणीतरी श्वास आत घेतला. आपलं पान त्यानं तिथंच जमिनीत रोवलं, खोल, आणि टोकाची पाती वळवून तिची गाठ मारली, पुरुष मारतात तशी.

"कालची सुकली," तो म्हणाला. "ताजं लावलं. माझं आहे."

सुकायला ती काही सुकली नव्हती. हे दिसायला सगळ्यांना डोळे होते. तेवींनी त्या हिरव्यागार पानांकडे पाहिलं, मग जेमिमाकडे, मग आकाशाकडे, आणि म्हणाले, "ऊन फार होतं आज."

नंतर रीतीचं बोलणं झालं. दिलेल्या शब्दाआड पान आलं, तर पान लावणाऱ्यानं भरपाई द्यायची. सेल्विन म्हणाला, माझ्या घरचं डुक्कर घेऊन जा उद्या. ते सगळ्यांना माहीत होतं, लठ्ठ, सात्त्विक आणि सुळ्यांच्या बाबतीत अगदी दरिद्री. मागून कुणीतरी म्हणालं की त्याच्यापेक्षा तेवींच्या आईला जास्त दात आहेत. तेवींची आई तिथंच बसली होती, तिनं ते दाखवले. मोजायला वेळ लागला नाही. हसता हसता माणसं पांगली.

सेल्विन उभाच होता. जायचं की थांबायचं हे ठरत नसलेल्या माणसासारखा, कोयता या हातातून त्या हातात घेत.

गराए बाकड्यावर थोडा सरकला.

सेल्विननं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "अजून सरका, दाजी," तो म्हणाला. "माझं बूड काय तुमच्या मापाचं आहे?"

जेमिमाच्या हातात तिची दोन पानं होती. मामानं ती उपटल्यावर तिच्या हातात कोंबली होती, न बघता. ती शाळेकडे निघाली.

*

झेंडा चढला.

साहेब शेजारच्या मालेकुला बेटाचे निघाले. तेवींनी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं की द्यायचं डुक्कर दुसरंच आहे, पहिल्याच्या दाराला नामेले लागलं. साहेबांनी नुसती मान हलवली. कुणाचं, का, काही विचारलं नाही. भाषणात मात्र झेंड्यातल्या सुळ्याचा आणि पानाचा अर्थ त्यांनी समजावून सांगितला, सगळा पुस्तकातला, लांबलचक, आणि गावानं तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकला. पाहुणा आहे, बोलू द्यावं.

दोरी जेमिमानं ओढली. ओढताना तिनं गर्दीवरून नजर फिरवली. बाप दरवर्षी पहिल्या ओळीत असायचा. आज नव्हता. मामाही कुठं दिसेना.

गाणं झालं, जेवणं सुरू झाली. तिनं एका ताटात दोघांपुरतं वाढून घेतलं, वर केळीचं पान झाकलं आणि घरी आली. जास्वंदीच्या कुंपणाशीच तिला आवाज ऐकू आले. चढे आवाज. ती घाबरून थांबली.

"डुकराच्या शेजारी! माझ्या बहिणीला तुम्ही डुकराच्या शेजारी ठेवलंत, दाजी."

"तिला कुणाचा शेजार आवडायचा ते मला माहीत आहे. तू वर्षातून चारदा यायचास."

"तिथं आमची आई आहे, आजी आहे. बोलायला माणसं आहेत."

"तुझी आई? जिवंतपणी दोघी एका चुलीशी टिकल्या नाहीत, आता कायमच्या शेजारी झोपवू?"

"म्हणजे आता आईवर घसरलात!"

"घसरतो. बस खाली. तो घास असा नाही देत, सांडतोय सगळा. आधी खोबरं दाखव त्याला."

"मला शिकवू नका. तिला डुक्कर भरवायला मी शिकवलं."

"खोटं."

"तिला विचारा."

दोघांचीही नजर झाडाखालच्या दगडांकडे गेली. नीरफणसाचं एक पान खाली आलं, मंत्री मचमच करत खात होता. जेमिमाला वाटलं, संपलं, आता पुन्हा ते चर्चमधल्या दोन टोकांच्या बाकांवर जाऊन बसणार. तिनं पाऊल पुढं टाकलं.

गराएनं तिला पाहिलं. डोळे ओले होते आणि तो रागावलेला होता, दोन्ही एकदम.

"ताट ठेव तिथं आणि जा," तो म्हणाला. "आमचं अजून संपलेलं नाही."